बादशहाचा राखणदार

मलकापूरच्या छोट्या संग्रहालयात एक शिपाई आहेत. रोमन बादशहाचं चांदीचं नाणं ज्या काचपेटीत आहे, तिच्याशेजारीच ते खुर्ची टाकून बसतात. शाळेतून परतताना मी डोकावले, की आधी बादशहाची खुशाली सांगतात. "आज जरा रुसल्यासारखे दिसून राह्यले, मॅडम. सकाळपासून लाइट नाही." नाण्यावरच्या त्या धारदार नाकाचं त्यांना फार कौतुक. "असं नाक आपल्या अख्ख्या तालुक्यात नाही," म्हणतात.

परवा मी तिथे असतानाच एक पुढारी आले. त्यांना नाणं हातात धरून फोटो काढायचा होता. संग्रहालयाच्या साहेबांनी पेटी उघडायला सांगितली. शिपायांनी सगळे खिसे चाचपले, टेबलाचा खण उपसला आणि पडेल चेहऱ्यानं म्हणाले, "किल्ली घरीच राह्यली, साहेब."

साहेबांनी सर्वांदेखत झापलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

सगळे गेल्यावर शिपायांनी पायमोज्यातून किल्ली काढली.

"खोटं काऊन बोलले हो?" मी विचारलं.

"त्यायच्या बोटाले तंबाखूचा चुना होता, मॅडम. एवढ्या दुरून आलेला म्हातारा माणूस, माह्या ड्युटीत खराब होऊ देऊ काय?"