मथुराबाईंची मिश्री

तेर गावातल्या आमच्या घरात सकाळ व्हायची ती जळक्या तंबाखूच्या ठसक्यानं. माझ्या सासूबाई मथुराबाई तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायच्या, चुरून तिची मिश्री करायच्या आणि बोटानं दातांना चोळत मोरीपाशी बसायच्या. ती काळी लाळ, त्या पिचकाऱ्या! लग्न होऊन आले तेव्हापासून मला त्या बोटाची शिसारी येते. त्याच बोटानं पुढं भाकरी मोडायच्या.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. सगळं घर आत्याबाईंच्या पोटावर चालायचं. मिश्री लावून पोट साफ झालं की बाई गोड. नाही झालं की माझा नवरासुद्धा चहा न घेता शेतात पळायचा.

यंदा त्यांच्या गालात पांढरा चट्टा दिसला. धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं, मिश्री आजपासून बंद, नाहीतर कॅन्सर व्हायला वेळ लागणार नाही. मी घरी येऊन डबी उकिरड्यावर फेकली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मिश्री गेली आणि आत्याबाईंचं पोट संपावर गेलं. फुगलेलं पोट, करपट ढेकरा, तोंडाला घाण वास. त्याहून वाईट म्हणजे त्या भिंतीकडं तोंड करून बसायला लागल्या. जेवण नाही, बोलणं नाही. एका दुपारी म्हणाल्या, जगावंसं वाटत नाही. मी घाबरून पुन्हा डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, आतडी आणि मेंदू एकमेकांशी सारखे बोलत असतात. इतकी वर्षं तंबाखूनं आतड्यांना चाबूक मारून पळवलं, आता ती आपणहून चालायला विसरलीत. त्यात तंबाखू सुटल्याची उदासी. औषध, पाणी, पालेभाजी, ताक, रोजचं चालणं; नेटानं धरलं तर पोट आणि मन दोन्ही सावरेल. आत्याबाईंनी धरलं. मला शिव्या देत, पण धरलं.

अशात माझी लेक राजनंदिनी बारावीच्या परीक्षेच्या भीतीनं पोट धरून रडायला लागली. एका सकाळी मोरीपाशी गेले तर आत्याबाईंनी तिला पुढ्यात बसवलेलं. मुठीत शेजारच्या इरम्माकडून मागून आणलेली मिश्री, आणि बोट पोरीच्या दातांपाशी. माझं डोकंच फिरलं. मी त्यांचा हात ओढला आणि तोंडाला येईल ते बोलले.

त्या चिडल्या नाहीत.

"तेरा वर्साची व्हते मी, या घरात आले तवा," त्या म्हणाल्या. "पोट धरून रडायचे. सासूनं मांडीवर घेतलं आन् ही लावली. त्याच्या आदी न्हाय, त्याच्या मागनं न्हाय, कुनी मला मांडीवर घेतलं न्हाय."

मिश्रीची किळस मला होतीच. आता रडणाऱ्या पोरीला तंबाखू चारणाऱ्या घराचीही आली, आणि ते घर माझंच.

राजनंदिनीला मी आत पाठवलं आणि आत्याबाईंना जवळ घेतलं. तोंडाला वास येत होता. तरी घेतलं. बऱ्याच वेळानं त्यांनी आपली मूठ मोरीत झटकली आणि मला वरून पाणी टाकायला सांगितलं.