मामी आणि लुकलुकणारा गडी

मामीचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. मिक्सर अडला, की दे दणका. टीव्हीवर मुंग्या आल्या, की डाव्या अंगाला सणसणीत थप्पड. स्वारगेटच्या बसमध्ये एकजण अंगचटीला आला, तर त्याच्या कानाखाली असा आवाज काढला की कंडक्टरने घंटी मारायच्या आधीच तो उतरला. वर मला म्हणाली, "झाला ना सरळ? वस्तू असो की माणूस, जागा बघून मारायचं."

फक्त मामावर हा हात तोवर कधी उठला नव्हता. मामा रिक्षावाल्यालाही "आपण जरा थांबता का" म्हणायचा, आणि घरात आमटी खारट झाली की वाटी मामीच्या अंगावर भिरकवायचा. त्यांच्या मुलाचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम त्याने फरशीवर आपटून फोडला होता. मध्ये पडलेल्या मामीचा दात तेव्हाच गेला. आयटीत नोकरी लागून मी त्यांच्याकडे राहायला आले, तोवर तो मुलगा परदेशी गेला होता. मला मामाचा मनापासून तिटकारा होता.

बुधवार पेठेतून मी नवा सपाट मॉनिटर आणला आणि जुने टीव्ही गेम संगणकावर चालवणारा एक प्रोग्रामही टाकला. मामी लाटणं घेऊन मागे येऊन उभी राहिली. "हा तोच ना गं, ह्यांनी फोडलेला?" म्हणाली, आणि लाटणं ठेवून खेळायलाच बसली. खेळातल्या तिच्या गड्याला मार बसला आणि तो लुकलुकायला लागला. मॉनिटर बिघडला असं समजून मामीने हात उगारला.

मी ओरडले, "मामी, नको! मार बसला की तो असाच लुकलुकतो. तेवढा वेळ त्याला कोणी काही करू शकत नाही."

मामीचा हात वरच राहिला. "म्हणजे एक बसला की लगेच दुसरा बसत नाही?"

"नाही."

"बरा आहे की नियम. आमच्या घरी नव्हता."

मग तिला नादच लागला. दारावरच्या पहिल्या शत्रूकडून ती मुद्दाम मार खायची आणि लुकलुकत बाकीच्यांमधून सरळ चालत जायची. मागचं चित्र सरकायचं, गडी मात्र रोज डावीकडे त्याच जागी उघडझाप करायचा, आणि हळूहळू खेळ बंद केल्यावरही गड्याची पुसट सावली पडद्यावर राहायला लागली. मी दुकानदाराला विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, "खेळ बंद ठेवा, डाग कदाचित जाईल. चालू ठेवा, डाग नक्की राहील. आपण ठरवा." मामीला सांगितलं, तर म्हणाली, "राहू दे. मला सोबत होते."

एका रविवारी संध्याकाळी मामा बाहेरून आला. मामी खेळत होती, चहा झाला नव्हता. त्याने मागून केस धरून तिला खुर्चीतून ओढलं आणि मुस्काटात मारली. ओठ फुटला, कीबोर्डवर रक्त सांडलं. मी धावेपर्यंत त्याचा हात पुन्हा वर गेला होता. मामीने तो हवेतच पकडला.

"एक बसलाय," ती म्हणाली. "आता दुसरा नाही."

आणि अडलेल्या मिक्सरला द्यावा तसा दणका देत तिने तो हात टेबलाच्या कडेवर आपटला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मामा फरशीवर बसून विव्हळत होता. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मामी पदराने ओठ पुसत म्हणाली, "जा, रिक्षा बघ. आपण जरा थांबता का, म्हण त्याला."

प्लास्टर बघून कोणी विचारलं, की मामा बाथरूममध्ये घसरलो म्हणायचा. मामी शेजारूनच म्हणायची, "फरशी फार कडक आहे हो आमची." त्यानंतर मामाचा हात उठला नाही.

मामी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो मॉनिटर मांजरी गावातल्या माझ्या घरी आहे. पांढरं पान उघडलं की डावीकडे तो पुसट गडी दिसतो. लग्न होऊन मी सासरी निघायला गाडीत बसले, तेव्हा मामीनेच तो जुन्या साडीत गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवला होता. मी रडत होते. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "त्या खेळात सगळं बरोबर आहे गं, एक सोडून. पहिला बसेपर्यंत थांबायचं नसतं."