घोडीच्या पाठीची तार

घोडीची गोष्ट म्हटली की तुमाले वाटलं असन, आता हा पोट्टा घोडीवर बसन, धपकन पडन, अन् आपल्याले हसाले भेटन. मी घोडीवर बसलोच नाही. पडलोही नाही. हसवलं मात्र पुष्कळ, अन् तिथंच सारं बिघडलं.

माहे बाबा देवीची लस टोचाले गावोगाव फिरत. नांदगाव खंडेश्वराकडची काळी जमीन, जरा ओली झाली की चाकाले असा चिखल धरे, का सायकलच खांद्यावर घ्या लागे. म्हणून त्याइनं बाजारातून एक तांबडी घोडी घेतली. तिच्या पाठीवरचं जीन, म्हणजे खोगीर, घ्याचं राहिलं. नवं परवडत नव्हतं. अकोल्याले टांग्याचं अन् घोड्याचं सामान शिवणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडं जुनी जीनं दुरुस्त करून भेटत. मी मॅट्रिक होऊन रिकामा बसलो होतो, मले धाडलं.

घोडी काही तिथवर नेता येत नव्हती. बाबाइनं एक जाड पण मऊ तार घेतली, घोडीच्या खांद्यामागं पाठीवर दाबून दोन्ही बाजूनं वाकवली. घोडी कान हलवत शांत उभी.

‘ही तार म्हणजे तिची पाठ समज,’ बाबा म्हणाले. ‘जीनाच्या आतलं लाकूड हिच्यावर बसलं पाहिजे. वाकडी होऊ देऊ नको बाप्पा.’

मोटारीतला कंडक्टर नाकातून बोलून राहिला होता. मी त्याचा आवाज काढला, लोक हसले. मंग आमचा हेडमास्तर काढला. हेडमास्तरले चष्मा पाहिजे, अन् हातात तार. वाकवली, नाकावर चढवली. एक बुढी म्हणे, ‘आता आमच्या पाटलाची मिशी कर रे.’ मिशी केली. मूर्तिजापूर येईपर्यंत अख्खी मोटार लोळून राहिली होती. अकोल्याले उतरलो तवा तारेचं वेटोळं झालतं. दगडावर बसून अंदाजानं पुन्हा वाकवली. अंदाज बरा वाटला.

म्हाताऱ्यानं आमच्या आवाक्यातली दोन जीनं काढली. एक रुंद, जागोजाग ठिगळं, दिसाले भिकार. दुसरं अरुंद अन् चकचकीत. तार लावून पाहिली. चकचकीत जीन बरोबर बसलं. मले तर तेच पाहिजे होतं. म्हातारा मात्र तारेकडं पाहत राहिला.

‘बेटा, इतनी तंग पीठ? घोड़ी है या बकरी?’

मी बकरीचा आवाज काढला. तो हसला नाही.

‘नाप पक्का है ना? नहीं तो जाके फिर से ले आ. दोनों जीन रख देता हूँ, किसी को नहीं दूँगा.’

इतकं सरळ होतं. एक खेप पुन्हा मारा लागली असती, बस. मी छाती काढली, अन् बाबाच्या आवाजात म्हटलं, ‘पक्का म्हणजे पक्का.’

पहिल्याच दिवशी बाबा चार गावं करून आले ते पायी. घोडी मागं, जीन त्याइच्या खांद्यावर. तिच्या पाठीचं चामडं दोन्हीकडून तळहाताएवढं सोललं होतं. पुढं जखम भरली, तिथं पांढरे केस आले. पण कोणी नुसतं पोतं उचललं तरी ती अंग चोरे. मी जवळ गेलो तर जास्तच.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, ‘उद्या अकोल्याले जातो. फसवलं म्हाताऱ्यानं. जाब विचारतो त्याले.’

तवा मले सांगाच लागलं. चष्मा, मिशी, बकरी, सारं.

बाबा वरडले नाहीत. घोडीच्या पाठीले हळद-तेल लावता लावता बोलत राहिले. ‘मोटारभर लोक हसले ना लेका? त्यातल्या एकाचीही पाठ दुखून राहिली काय? हिलेच दुखून राहिली. हिले बोलता येत नाही, म्हणून तार देली होती तुह्याजवळ. अन् तो भला माणूस विचारून राहिला, तर खोटं बोलला. तेही माह्या आवाजात. उद्यापासून लशीची पेटी तुह्या खांद्यावर. चारी गावं माह्यासंगं चाल. अन् वाटेनं तोंडातून आवाज काढू नको, ना माहा, ना कोणाचा.’