खिळ्यावरचं जनावर

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट सांगितलेल्या किमतीला घेतलेली नाही, आणि यात मी त्यांचं लग्नही धरतो. बैठकीत आमचे सासरे घसा खाकरून म्हणाले, "लग्न आम्ही आमच्या ऐपतीप्रमाणे थाटात करून देऊ." त्यावर नवरदेवांनी शांतपणे विचारलं, "यात काय काय आलं?" बैठक गार पडली. मंडळींना वाटलं, मुलगा हुंड्यावर घसरला. नवरदेवांना बिचाऱ्यांना फक्त जिलबी आहे, मठ्ठा आहे की दोन्ही आहेत एवढंच जाणून घ्यायचं होतं. दोन्ही द्यायचं ठरलं आणि सोयरीक जमली. पुढे त्यांच्या धाकट्या मेहुणीशी माझं लग्न झालं तेव्हा मी काहीच विचारलं नाही, म्हणून मला नुसता मठ्ठा मिळाला, असं ते आजही चारचौघांत सांगतात. ते खरंच आहे.

साडू भूलतज्ज्ञ. रियाधच्या एका सरकारी इस्पितळात ते लोकांना झोपवत आणि मी तिथल्याच एका बँकेत हिशेब तपासता तपासता स्वतः झोपत असे. नोकरी त्यांनीच लावून दिलेली, त्यामुळे दर शुक्रवारी त्यांच्यामागून पिशव्या घेऊन बत्ह्यात हिंडणं मला भाग होतं. बत्हा म्हणजे रियाधमधला आपल्या लोकांचा बाजार. तिथे पाय ठेवला की साडूंच्या अंगात वारं शिरे. थर्मास घेतला की "बूच यात आलं का?" न्हाव्याच्या खुर्चीत बसण्याआधी "कानावरचे केस यात आले का?" जेवायला बसलं की "डाळ दुसऱ्यांदा मागितली तर?" मी लाजेनं शेजारच्या दुकानातल्या बायकांच्या चपला निरखत उभा राहत असे. पण त्याच भावात ते मलाही सगळं मिळवून देत, तेव्हा माझी लाज हळूहळू ओसरे आणि मीही दुसऱ्यांदा डाळ मागून घेई.

अशा माणसानं आफ्रिकेत शिकारीला जायचं ठरवावं, यामागे एक खिळा होता. साडूंचं गाव राधानगरीकडचं. वडील, म्हणजे आमचे आबा, जुने शिकारी. सोप्यात भिंतीवर आजोबांनी मारलेल्या सांबराची शिंगं, त्याखाली आबांनी मारलेल्या गव्याची शिंगं आणि त्याखाली एक रिकामा खिळा. तो खिळा आबांनी मुलगा जन्मला त्याच आठवड्यात ठोकला होता. मुलगा पुढे आठदहा वर्षांचा झाल्यावर त्याला पहिल्यांदा रानात नेलं, तर आबांनी मारलेला ससा बघून तो जागच्या जागी बेशुद्ध पडला. ससा एका हातात आणि वारस खांद्यावर असे आबा घरी आले. तेव्हापासून गावात साडूंना 'डॉक्टर' म्हणायच्या आधी 'ससा' म्हणत. बेशुद्ध पडणारा पोरगा मोठेपणी इतरांना बेशुद्ध करायच्या धंद्यात का शिरला, हे मला तरी उघड दिसतं. पण खिळा काही बुजला नाही. इकडे आपल्या देशात शिकारीला बंदी झाली, तिकडे आबा ऐंशीला टेकले आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. आबांना दिसतंय तोवर खिळ्यावर काहीतरी लागलं पाहिजे, हा एकच ध्यास साडूंनी घेतला. "साडूभाऊ, म्हातारा गेल्यावर सिंह टांगला तरी काय उपयोग?" असं ते म्हणत, आणि त्या वेळी त्यांच्या तोंडावर बाजारातला भाव करतानाचं मिस्कील हसू नसे.

मग टांझानियातली एक शिकार कंपनी त्यांच्या तावडीत सापडली. बत्ह्यात एका मलबाऱ्याच्या दुकानात फॅक्स करता येई. पानाला दर म्हणून साडू मुंगीएवढ्या अक्षरात पान भरत. पलीकडच्या गोऱ्या माणसानं ते कसं वाचलं देव जाणे. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाईक कमी असतं म्हणून तोच आठवडा धरला. हत्ती, सिंह, बिबट्या ही मोठ्या घरची जनावरं त्यांनी आधीच वगळली. "एका सिंहाच्या पैशांत सहा रानडुकरं बसतात," ते मला म्हणाले. शिंगं कापणं, कातडं खारवणं, विमानतळावरून नेणं-आणणं, काडतुसांची एक पेटी, हे सगळं 'यात आलं'. आम्ही बिअर पीत नाही तेवढे पैसे वजा करा, हेही त्यांनी मान्य करून घेतलं. मला न विचारता, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचा सगळ्यात आवडता प्रश्न मात्र शेवटी गेला: जनावराला गोळी चाटून गेली आणि ते पळालं तर? उत्तर आलं, रक्ताचा एक थेंब दिसला तरी पूर्ण आकार. आणि नेम साफ चुकला तर? तर काहीच नाही. "म्हणजे चुकणं फुकट आहे," साडू म्हणाले आणि बराच वेळ त्या कागदाकडे कौतुकानं बघत राहिले.

नुसतं बघायला येणाऱ्या सोबत्याला निम्मा दर होता, म्हणून मला सोबती ठरवण्यात आलं. मी नको म्हणून पाहिलं. मला कुत्र्याची भीती वाटते, घोड्याची वाटते आणि रागावलेल्या कोंबडीचीही वाटते. पण निम्म्या दरात मिळणारी भीती सोडणं साडूंच्या तत्त्वात बसेना.

एवढ्यात इराकनं कुवेत गिळलं. आमची बायका-मुलं सुट्टीला गावी गेली होती, ती तिकडेच राहिली. खर्च वाचावा म्हणून आम्ही दोघं एका घरात आलो. रस्त्यांवर लष्कराच्या गाड्या धावू लागल्या, आणि नेमका हाच मुहूर्त साधून साडूंनी गच्चीवर नेमबाजीचा सराव सुरू केला. बंदूक कुठून आणणार? लांब दांड्याचा झाडू खांद्याला लावून ते पाण्याच्या टाकीवर नेम धरत. अंगात बत्ह्यात घासाघीस करून आणलेले खाकी कपडे. खालून जाणाऱ्या गस्तीच्या गाडीला हे दृश्य आवडलं नसावं. दोन शिपाई बंदुका रोखून गच्चीवर आले. मी तत्काळ टाकीच्या मागे गेलो. तिथे एक मांजर होती, तिचीही मला भीती वाटली. साडूंचं सगळं अरबी इस्पितळातलं, पेशंटपुरतं. झाडू हातात तसाच धरून ते शिपायांना अत्यंत मायेनं म्हणाले, "ला तखाफ, ला तखाफ." म्हणजे घाबरू नका. मग, मोठा श्वास घ्या. मग, आता झोप येईल. शेवटी इमारतीचा सुदानी राखणदार धावत आला आणि हा झोपवणारा डॉक्टर आहे हे त्यानं पटवलं. शिपाई हसत हसत झाडू घेऊन गेले. "खलास!" म्हणून मी सुटकेचा नि:श्वास टाकला, तर साडू जिना उतरत होते, जप्त केलेल्या झाडूची पावती मागायला.

हंगाम संपत आला तसतसं युद्ध पेटणार हे दिसू लागलं आणि माझ्या स्वभावात एक सुंदर बदल घडला. ज्या सहलीची मी चारचौघांत टवाळी करत होतो, तिचा मी कट्टर भक्त झालो. कारण साधं होतं. तिकडे पासपोर्ट मालकाच्या, म्हणजे कफीलच्या ताब्यात. बाहेर जाऊन परत येण्याचा शिक्का त्यानं मिळवून दिल्याशिवाय देश सोडता येत नाही. त्या शिक्क्यासाठी सगळी परदेशी मंडळी धडपडत होती आणि आमच्या पासपोर्टांवर तो शिकारीच्या निमित्तानं कधीच बसला होता. मी मनाशी बेत रचला, आफ्रिकेत उतरायचं आणि तिथूनच मुंबईचं विमान धरायचं. पळून आला म्हणायची कुणाची छाती होईल? सिंहाच्या शिकारीला गेला म्हणतील! मी साडूंना रोज आठवण करू लागलो, "आबांच्या डोळ्यांचा विचार करा हो. यल्ला, निघू या."

निघायच्या आधी दोनतीन दिवस साडू इस्पितळातून आले आणि बूट न काढता खुर्चीत बसले. मी बॅग भरून तिच्यावर बसलो होतो.

"साडूभाऊ, मी रजा परत केली," ते म्हणाले.

"त्यांनी नाकारली?"

"नाही, दिली होती. पण बरेच जण निघून गेलेत. मी गेलो तर झोपवणारा एकच उरतो. आणि एकानं किती जणांना उठवायचं?"

"आणि खिळा?"

त्यांनी वाकून बुटाची नाडी सोडली. मग म्हणाले, "तुम्ही जा. तुमचं तिकीट आहे, शिक्का आहे. मी कंपनीला विचारून पाहतो, सोबती एकटा आला तर चालतो का."

मी राहिलो. साडूसाठी जिवावर उदार होऊन राहिला, असं माझ्या सासुरवाडीत मानतात आणि मीही कधी दुरुस्ती केलेली नाही. खरं असं की, एकट्यानं आफ्रिकेत उतरायची भीती इराकी क्षेपणास्त्रांच्या भीतीहून मोठी निघाली.

मग ते दिवस आले. खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराखाली ओले टॉवेल, आणि सायरन. इस्पितळानं साडूंना विषारी वायूसाठी रबरी मुखवटा दिला, तेव्हा त्यांनी विचारलंच, "यात साडू आले का?" साडू म्हणजे कोण हे त्यांनी अरबीत इतका वेळ समजावलं की, अधिकाऱ्यानं कंटाळून दुसरा मुखवटा त्यांच्या अंगावर टाकला. तो मी पहिल्याच दिवशी इतका करकचून आवळला की पट्टा तुटला. पुढे कुकरची शिट्टी झाली तरी मी तुटका मुखवटा तोंडाशी धरून टेबलाखाली जात असे, आणि भात करपे. साडू इस्पितळातच असत. घरी येत ते डोळे सुजलेले, मुखवट्याच्या कडांचा वळ गालांवर घेऊन. काय झालं विचारलं की एवढंच सांगत, "आज सगळे उठले." एकदा ते तेवढंही न सांगता भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

युद्ध संपलं. पुढच्या हंगामात, जुन्याच दरात, आम्ही खरोखर आफ्रिकेत गेलो. तंबू, गवत, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातात गार बिअर. कोरड्या देशातून आलेला मी तेवढा वजावटीत पाणी पीत बसलो. साडू पहाटे बंदूक घेऊन निघत, मी दुर्बीण घेऊन वाटाड्याच्या पाठीला चिकटून. जनावरं पुढ्यात येऊन उभी राहत. साडू नेम धरत, गोळी सुटे आणि रानडुक्कर शेपटी उभारून निघून जाई. 'यात आलेली' काडतुसांची सगळी पेटी अशी संपली. गोरा शिकारी हळहळला. पण तान्ह्या बाळाची केसाएवढी शीर पहिल्या झटक्यात शोधणारा हा हात मी पाहिलेला होता. दुर्बिणीतून मला स्पष्ट दिसत होतं, बार काढायच्या आधी नळी हलकेच वर होत होती.

"मुद्दाम चुकवलंत," परतीच्या वाटेवर मी म्हणालो.

"चुकणं फुकट होतं ना," ते म्हणाले. मग बरंच अंतर गेल्यावर आपणहून म्हणाले, "झोपवलेलं उठलं नाही तर मला चैन पडत नाही हो. आता वयही झालं, सवय मोडत नाही."

खिळा मात्र रिकामाच राहणार होता. तिथून आम्ही थेट राधानगरीला गेलो. आबांना आता माणसांच्या नुसत्या सावल्या दिसत. "काय आणलंस?" म्हणत त्यांनी आपणच बॅगेत हात घातला, आणि त्यांच्या हाताला लागला तो साडूंचा इस्पितळातला मुखवटा. काहीच टाकायचं नाही या नियमानं साडूंनी तो उसावर औषध मारताना उपयोगी पडेल म्हणून आणला होता. आबांनी त्याचं पुढे आलेलं नाकाड चाचपलं, गोल डोळ्यांवरून बोटं फिरवली. "ह्ये कसलं रं जनावर?" साडूंनी माझ्याकडे पाहिलं. आणि ज्याला रागावलेल्या कोंबडीची भीती वाटते तो मी ताडकन म्हणालो, "आफ्रिकेतलं रानडुक्कर, आबा. एका गोळीत पडलं!"

आबांनी काठी टेकत जाऊन ते स्वतःच्या हातानं खिळ्याला अडकवलं. पुढची दोन वर्षं ते आल्यागेल्याला भिंतीपाशी नेत आणि म्हणत, "आमच्या डाक्टरनं आणलंय." लोक बघत, एकमेकांकडे बघत, आणि चहा पिऊन जात. साडूंना मात्र ते सलत होतं. आबांच्या शेवटच्या आजारात आम्ही दोघं खाटेपाशी बसलो होतो, तेव्हा त्यांना राहवलं नाही. "आबा, ते जनावर नाही. मी तिकडे काहीच मारलं नाही. तो लढाईतला मुखवटा आहे."

आबा डोळे मिटूनच हसले. "ठावं हाय की मला. जनावराला कवा रबराचा वास येतो व्हय? पर जायाचा शिक्का हातात आसून माझं पोर तितं थांबलं, ह्ये लोकांस्नी सांगाय भिंतीवर कायतरी नगं?"

प्रत्येक गोष्टीत काय काय आलं हे विचारणारे साडू खाटेजवळ सरकले. त्यांनी आबांचा हात हातात घेतला आणि सवयीनं नाडी मोजत बसून राहिले.

आता साडू निवृत्त होऊन गावीच असतात. परवा गेलो तर मुखवट्याचं रबर तडकून पिठासारखं गळत होतं. साडू तो अलगद काढतात, फडक्यानं पुसतात आणि परत शिंगांखाली अडकवतात. घरी आल्यावर मी आमच्या हॉलमधल्या एका मोकळ्या खिळ्याकडे पाहत उभा होतो. बायकोनं विचारलं, "काय लावायचंय तिथे?" मी म्हटलं, "काही नाही. कॅलेंडरच लाव."