नानांची आडवी रेघ

कृषी विद्यापीठाच्या राज्य समन्वयक साहेबांनी सुपडू नानांना फसवलं. नानांनी पाठवलेल्या कागदावरच्या आडव्या रेघांची त्यांनी शून्यं केली आणि ती शून्यं नानांच्या नावावर खपवली. हे आधीच सांगून मोकळा होतो. आता नाना कसे होते ते सांगतो, म्हणजे कोणत्या माणसाला फसवलं ते कळेल.

नानांच्या शर्टाच्या खिशात पेन क्वचित असे, कपाशीची हिरवी बोंडं मात्र कायम. बोलता बोलता एक बोंड काढायचं, दोन्ही अंगठ्यांनी दाबून फोडायचं आणि नखाने आतला कापूस उलगडून बघायचा. गुलाबी अळी निघाली की तिला तळहातावर घेऊन समोरच्याला अशी दाखवायचे, जशी घरात आलेली नवी सून दाखवावी. बोंडांच्या रसाने त्यांचे अंगठे बारा महिने तपकिरी असत. एका लग्नात ताटावर बसल्यावर वाढपी म्हणाला, "नाना, हात धुई ल्या." नाना म्हणाले, "धुयेल शेतस भो. हाऊ मना पगारना रंग शे."

ते मूळचे साक्रीकडचे, कामासाठी चोपड्यात खोली घेऊन राहायचे. विद्यापीठाचा एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा कार्यक्रम राज्यभर चालतो. गावोगावचे सर्वेक्षक दर आठवड्याला ठरलेल्या शेतांत जाऊन कीड मोजतात, जिल्ह्याचा समन्वयक ते आकडे वर पाठवतो आणि वरून शेतकऱ्यांच्या मोबाईलवर सल्ला येतो: फवारा, नाहीतर थांबा. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांचे समन्वयक नाना. तेही कंत्राटी.

मी चोपड्यात बी-बियाणं आणि औषधांचं दुकान चालवतो. हमालीतून वर आलोय. आधी पोती उचलली, मग पोती विकली. घासाघीस केल्याशिवाय मी कोणाचा शब्द घेतला नाही, आणि माझं डोकं लवकर तापतं हे तालुक्याला माहीत आहे. नानांची पहिली भेट झाली ती भांडणातच. एक शेतकरी माझ्याकडून औषधाच्या तीन बाटल्या घेऊन निघाला होता. पायरीवर बसलेल्या एका किडकिडीत माणसाने त्याला विचारलं, "भाऊ, किती बोंडं फोडी?"

"एक भी नई. शेजारी फवारी राह्यना, म्हनीसन लिधं."

"मंग शेजारना वावरमा जाईसन फवार. तुना वावरमा काय शे ते तुले कोठे माहीत शे?"

बाटल्या काउंटरवर परत आल्या. मी उठलो. "ओ भाऊ! दुकान मनं, गिऱ्हाईक मनं. तुमी कोन?"

"मी अळीस्ना मानूस," नाना म्हणाले आणि खिशातून बोंड काढलं.

पैज लागली. तिघंही त्या शेतात गेलो. नियम नानांनी सांगितला: सगळ्या वावरात फिरून वीस बोंडं तोडायची, दोन किडकी निघाली तर फवारणी, नाहीतर नाही. नानांनी वीसच्या वीस फोडली. अळी एकातच निघाली. मी हरत होतो. म्हणून खाली टाकलेली बोंडं उपसत बसलो आणि एकाला सुईच्या टोकाएवढं भोक सापडलं. "याले भोक शे!" मी ओरडलो.

"पन अळी कोठे शे त्यामा?" शेतकरी म्हणाला. तो आता नानांच्या बाजूचा झाला होता.

नानांनी ते बोंड उन्हात धरून पाहिलं. मी तोंडात शिव्या तयार ठेवल्या होत्या. "अळी निंघी गई," ते म्हणाले. "पन बोंड तर गयंच ना. मनी नजरमाईन सुटनं. शेठ, तुमनं खरं. दोन." आणि परत येऊन काउंटरवरची बाटली त्यांनी स्वतः उचलून शेतकऱ्याच्या हातात दिली. एकच, तीन नाही.

मी आयुष्यभर माणसांकडून आकडे ओढून घेतले. मी न ओढता स्वतःच्या विरुद्ध आकडा देणारा हा पहिलाच. पुढच्या आठवड्यापासून माझ्या दुकानात औषधांशेजारी पतंग पकडायचे कामगंध सापळेही टांगलेले दिसू लागले.

दर सोमवारी नाना माझ्या काउंटरवर बसून फॉर्म भरत. फोनवर एकेक सर्वेक्षक, एकेक गाव. खाली कार्बन लावलेला. मूळ कागद विद्यापीठात, कार्बनची नक्कल माझ्या ड्रॉवरमध्ये. "वरना कागद वर जास," ते म्हणत, "खालना खाले राहू द्या." ज्या शेतात सर्वेक्षक पोचलाच नाही, त्या रकान्यात ते आडवी रेघ मारत. इतकी दाबून, की कार्बन फाटायचा बाकी राही.

मी एकदा म्हटलं, "नाना, शून्य टाकी द्या ना. कोन देखस?"

बोंड फोडता फोडता ते थांबले. "शून्य म्हनजे मी गऊ, वीस बोंडं फोडी आनि काईच नई सापडनं. रेघ म्हनजे मी गऊच नई. शून्य कमावनं पडस, शेठ."

साक्रीकडच्या एका सर्वेक्षकाने ऐन झडीत सगळ्या शेतांची शून्यं सांगितली होती. नाना फोनवर एवढंच म्हणाले, "तुना पायनी चप्पल दखाड." त्याने फोटो पाठवला. चप्पल कोरडी, स्वच्छ. नानांनी सगळ्या शून्यांवर रेघा ओढल्या आणि दुसऱ्या दिवशी एसटीने साक्री गाठून चिखलात स्वतः उतरले.

अशा माणसाच्या नावावर शून्यं घातली.

त्या वर्षी बोंडं भरायच्या दिवसांत सलग पाऊस लागला. नाले फुगले, सातपुड्याच्या पायथ्याची गावं तुटली. त्या सोमवारी नानांच्या कागदावर चोपडा तालुक्याच्या बहुतेक रकान्यांत रेघा होत्या. फॉर्म पाठवून ते साक्रीकडच्या गावांत गेले. तिथे मोबाईलला रेंज नव्हती. दोन दिवसांनी सल्ला आला: प्रादुर्भाव शून्य, फवारणीची गरज नाही. खाली नाव, सुपडू नानांचं.

पाऊस उघडताच माझ्या दुकानात गर्दी झाली. मी मोबाईल वर धरून सांगितलं, "नाना म्हनतस नको. घर जा बठ्ठा." मी, औषध विकणारा! आणि लोक गेले, कारण नानांचा शब्द होता. त्याच वेळी माझ्याच ड्रॉवरमध्ये, माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर, त्या रेघांची नक्कल पडून होती. जन्मात एकदा मी घासाघीस न करता शब्द घेतला. ड्रॉवर उघडला नाही.

बोंडं फुटायला लागली तेव्हा आत कवडी झालेली होती, चिकटलेला पिवळा कापूस. लोकांनी ती टोपलीभर आणून नानांच्या ओट्यावर ओतली. नानांनी माझ्या ड्रॉवरमधली कार्बनची नक्कल नेऊन प्रत्येकाला दाखवली. पण लोकांच्या हातात मोबाईल होता, त्यावर नाव होतं. विद्यापीठातल्या चौकशीत साहेब म्हणाले, आकडे जिल्ह्यातूनच आले. मूळ कागद सापडत नव्हता, आणि कार्बनची नक्कल कोणी धरली नाही. नानांच्या कंत्राटाची ऑर्डर पुन्हा निघाली नाही.

मी माहिती अधिकारात अर्ज टाकून छापील तक्ता मिळवला. जिथे रेघ, तिथे शून्य, एकही सुटलं नाही. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, संगणक रेघ घेत नाही. आढावा बैठक होती, रकाने रिकामे ठेवता येत नाहीत. तांत्रिक बाब आहे ती." मी आवाज चढवला तसे हसले. "तुम्ही औषधवाले. तुम्हाला फवारणी हवीच असते." ते हसणं मी अजून विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

काम गेल्यावर नाना साक्रीला परतले होते; नक्कल आणि तक्ता घेऊन मी तिथे गेलो. नाना खाटेवर होते, छातीचं दुखणं बळावलं होतं. शर्टाचे खिसे सपाट. अंगठे पांढरे पडलेले. मी म्हटलं, "नाना, या साहेबले मी सोडाव नई. तुमी फक्त या तक्रारवर सही करा."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. मग म्हणाले, "शेठ, मनं नाव साफ करा असं मी नई सांगत. त्यास्ले एकच विचारा. शून्य लिखं ना? मंग वावरमा कोन गयथा?"

सही केली. तपकिरी डाग नसलेल्या अंगठ्यात पेन मला परक्यासारखं वाटलं. पंधरवड्यात नाना गेले. तिरडीमागे चोपड्याहून आलेले, ओट्यावर बोंडं ओतणारेही होते. एकाने माझ्याजवळ येऊन नक्कल मागितली. मी त्याला दिली नाही. नाना दाखवत होते तेव्हा का वाचली नाही, असं विचारणार होतो, पण तो प्रश्न आधी माझ्याकडे वळला असता.

साहेब, माझा हिशेब मी रोज ड्रॉवर उघडताना भोगतो. तुमचा बाकी आहे. नानांच्या सहीच्या तक्रारीचं उत्तर आलेलं नाही, आणि आता तुम्ही मोठ्या खुर्चीवर आहात असं ऐकतो. दोन्ही कागद माझ्या काउंटरवर काचेखाली लावलेत, येणारा प्रत्येक शेतकरी वाचतो. चोपड्याला या. संगणकाला आणू नका, बैठकीला आणू नका. काचेवर बोट ठेवा आणि या लोकांसमोर एकेका शून्याचं सांगा: त्या आठवड्यात, त्या चिखलात, त्या वावरात कोण गेलं होतं?