फुगणारी माती आणि शीतलताई

आमच्या लॅबमध्ये सगळ्यात भित्री कोण, तर शीतलताई.

आज पहाटे ती गेली. लिव्हरचं दुखणं होतं.

संत तुकाराम नगरची. जिऑलॉजिस्ट. माती तपासायच्या कामात मी तिचा ज्युनिअर.

दोन पावसाळ्यांपूर्वी चाकणच्या पुढे एका कंपनीचं बेसमेंट खोदत होते. उभ्या कापलेल्या दगडात मधेच मातीचा हातभर जाड पट्टा होता. एका टोकाला पांढरट, दुसऱ्या टोकाला हिरवट.

नमुना फक्त पांढरट टोकाचा तपासला होता, तो रिपोर्ट ओके होता. खाली माणसं सळया बांधत होती.

ताईने हिरवट माती पाण्याच्या ग्लासात टाकली. ती फुगत गेली. ताईचा चेहरा उतरला.

तिने मला समजावलं. थर एकच. मुळात सगळी माती फुगणारी, मॉन्टमोरिलोनाइट. पाणी वाहून जात राहिलं की त्यातली सिलिका धुतली जाते आणि तिचंच पांढरट केओलिनाइट होतं, न फुगणारं. लाखो वर्षं लागतात. पाणी तुंबतं तिथे हा बदल रखडतो.

"इथे बदल अर्धाच झालाय रे. भिजली की वरचा दगड घेऊन घसरेल."

आणि आदल्या दिवसापासून पाऊस लागून होता.

साइट इन्चार्ज म्हणाले, रिपोर्ट आहे ना, उद्या बघू.

ताई शिडीवरून खाली उतरली. मी मागोमाग. पट्ट्यातून पाणी पाझरत होतं. बोट लावलं तर साबणासारखं बुळबुळीत.

ताईचा आवाज कापत होता. "भाऊ, मला भीती वाटतेय. हत्यारं राहू द्या. सगळे वर चला."

कुणी वाद घातला नाही. तिच्या तोंडाकडे बघूनच निघाले.

ती शेवटी चढली.

वर चहा ओतत होते, तेवढ्यात जमीन हादरली. कापलेली भिंत खाली बसली. धूळसुद्धा उडाली नाही, इतकी ओली.

सळया दिसेनात.

एकजण पुन्हापुन्हा माणसं मोजत होता. ताई चिखलातच बसली आणि रडली.

पुढे कितीतरी महिने तिला लिफ्टमध्येही गुदमरायचं. शूर म्हटलेलं आवडायचं नाही.

सोमवारी तळेगावच्या साइटवर मला खड्ड्यात उतरायचंय. पहिल्यांदाच एकट्याला.

पाऊस थांबलेला नाही.

ताई, अखेरचा जय भीम.