मांडीमागचा स्नायू

कॉलेजात असताना मी खो-खो खेळायचे. एकदा बार्शीला सामने होते. पाठीवर खो बसला, मी उठले आणि खांबाच्या दिशेने सुटले, तर उजव्या मांडीच्या मागे कुणीतरी काठी हाणल्यासारखं झालं. वळून पाहिलं, मागे कुणीच नव्हतं.

आमच्या सरांनी पाय हातात घेऊन जोरजोरात चोळला, ताणला. "रक्त फिरलं की मोकळा होतोय. पळ." सरांना नाही म्हणता येतं, हे तेव्हा आम्हा मुलींना ठाऊकच नव्हतं. मी पळाले. पुढच्याच पाठलागात मैदानावर आडवी झाले, आणि सर बाकीच्या मुलींना सांगत होते, "ऐन वेळेला कच खाल्ली हिनं."

दुसऱ्या दिवशी मांडी काळीनिळी झाली होती. सोलापुरातल्या डॉक्टरबाईंनी ती तपासली आणि कागदावर पाय काढून दाखवला. "स्नायू फक्त ओढतो. ढकलायचं त्याला जमत नाही. म्हणून ते जोडीनं काम करतात. पुढचा ओढतो तेव्हा गुडघा सरळ होतो, मागचा ओढतो तेव्हा वाकतो. जोरात पळताना पाय पुढं फेकला जातो, त्याला आवरायचं काम मागच्याचं. म्हणजे तो ताणलाही जात असतो आणि त्याच वेळी ओढतही असतो. तिथंच तो फाटतो. आधी थोडाच फाटला असणार. त्यावर तुला पळवलं कुणी?"

मी सरांचं नाव सांगितलं नाही. बाईंनी पेन टेबलावर आपटलं. माझ्या बाजूनं चिडलेलं ते पहिलं माणूस.

पाय बरा झाला. पळायचा वेग मात्र पहिल्यासारखा आला नाही. आता मी एका शाळेत खेळ शिकवते. गेल्या वर्षी वळसंगची एक मुलगी माझ्याकडे होती. बसल्या जागेवरून ती उठायची ते बघत राहावं असं. पोटऱ्या, मांड्या, कंबर सगळं एका झटक्यात कामाला लागायचं आणि तिनं मैदान ओलांडलेलं असायचं. निवड चाचणीत ती पळता पळता थांबली आणि मांडीला मागून हात लावून उभी राहिली.

"म्याडम, मागनं कायतरी तुटल्यावानी झालं."

निवड समितीत तेच सर होते. केस पिकलेले, बाकी काही बदललेलं नाही. ते खुर्चीतूनच म्हणाले, "बसवू नका तिला. पळवा. पोरींना लाड सोसत नाहीत."

"स्नायू फाटलाय सर. ती पळणार नाही."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. पण तुम्हीही नाही."

मी तिला खाली बसवलं आणि मांडीवर बर्फ ठेवला. सरांनी यादीतून तिला वगळलं. तिची आई धावत आली. लेकीशी कानडीत काहीतरी बोलली, मग मला विचारलं, "परत पळता येतंय न्हवं हिला?" मी म्हटलं, "येईल. आज पळाली असती तर सांगता आलं नसतं." ती आई माझ्यावर रागावली नाही, पण खूशही नव्हती. का असावी? लेकीचं वर्ष गेलं होतं.

मी वर तक्रार केली. उत्तर आलं की सरांचा अनुभव दांडगा आहे. हा अनुभव किती मुलींच्या पायांवर कमावला, ते कुणी विचारलं नाही. निवडलेल्या संघाच्या सत्काराला सर माईकवरून म्हणाले, "कच्च्या होत्या त्या आपोआप गळाल्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बाहेर आले.

मुलगी दिवाळीनंतर हळूहळू धावायला लागली. यंदा पुन्हा निवड आहे. समितीत सर आहेतच. मी मुख्याध्यापकांना कळवून ठेवलंय, चाचणीला मैदानावर डॉक्टर नसेल तर माझी एकही मुलगी उतरणार नाही. ते म्हणाले, "वाद कशाला वाढवताय?" मी म्हटलं, वाढवतेच आहे.